दातांची सळसळ आणि दंतवैद्याच्या खुर्चीतील उपाय

वसंत व्याख्यानांचा हंगाम आणि थंड पेयांचा हंगाम हे दोन्ही आपल्याकडे एकदमच येतात. या दिवसांत बाळकुम नाक्यावर भर दुपारी उभे राहावे, तर उसाच्या रसाचे, लिंबाच्या सरबताचे, बर्फाच्या गोळ्याचे गिऱ्हाईक कमी होताना दिसत नाही. घरोघर कैरीचे पन्हे होते, मुले तिखटमीठ लावून कैरीच्या फोडी खातात. या सर्व सुखात एक मनुष्य मात्र मागे राहतो. तो रसवाल्याला "बर्फ नको" म्हणून बजावतो, पेला हातात धरून थोडा वेळ थांबतो, आणि मग मान किंचित कलती करून पहिला घोट एका बाजूने घशात उतरवितो. त्याचे दात सळसळतात. कोणी याला सणक म्हणतात, कोणी "दाताला थंड लागते" म्हणतात. दुखणे क्षणाचे, परंतु त्या क्षणाच्या धास्तीने दिवसभराचे खाणेपिणे बेचव होऊन जाते.

या दुखण्याविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आढळतात. एक मत असे, की हे वयाचे लक्षण आहे, त्याला इलाज नाही, थंड सोडून द्यावे. दुसरे मत असे, की दाताची नस उघडी पडली आहे, ती काढून टाकावी किंवा दातच उपटावा म्हणजे कटकट मिटली. ही दोन्ही मते आम्हांस चुकीची वाटतात. सळसळ हा स्वतः रोग नव्हे, ती एक वर्दी आहे. वर्दी कशाची हे प्रथम पाहावे आणि मग उपाय निवडावा. निवडताना साध्याकडून अवघडाकडे, मागे फिरता येण्याजोग्या उपायाकडून मागे फिरता न येणाऱ्या उपायाकडे जावे, हा या लेखाचा सारांश. तो न पाळल्यामुळे एरवी चांगला असणारा जिवंत दात माणसे हकनाक गमावून बसतात, म्हणून हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

उपायांची तुलना करावयाची तर दाताची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. दाताच्या वरचे पांढरे कवच म्हणजे दंतवल्क. दंतवैद्य त्यास इनॅमल म्हणतात. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्यात जिवंत पेशी नाहीत, म्हणून त्याला दुखतही नाही आणि एकदा झिजले की ते पुन्हा वाढतही नाही. त्याच्या आत पिवळसर रंगाचे दंतिन, म्हणजे डेंटीन. आणि अगदी आत मऊ गाभा असून त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. लोक ज्याला "नस" म्हणतात ती हीच. हिरडीखालच्या मुळावर दंतवल्क नसते; तेथे संधानकाचा फार पातळ थर असतो आणि हिरडी हेच त्याचे खरे पांघरूण होय. काही थोड्या दातांत तर दंतवल्क व संधानक मानेपाशी एकमेकांस भिडतच नाहीत, मध्ये उघड्या दंतिनाची बारीक फट राहते.

दंतिन हे भरीव दिसले तरी भरीव नसते. गाभ्यापासून बाहेरच्या बाजूस जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्यांची ती जुडी आहे. बाहेरच्या काठाजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा सुमारे २०,००० नळ्या असतात आणि गाभ्याजवळ ही संख्या ४५,००० च्या घरात जाते. प्रत्येक नळीत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. आता गंमत अशी, की मज्जातंतू या नळ्यांत आतल्या बाजूने थोडेसेच शिरतात, बाहेरच्या टोकापर्यंत पोचत नाहीत. मग बाहेर थंड पाणी लागताच आत कळ जाते ती कशी?

या कोड्याचे उत्तर सुचविले ते स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड गिझी यांनी, १९०० साली. आणि प्रयोगांनी ते उभे केले स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी, १९६० नंतरच्या दशकात. विहिरीत सोडलेल्या घागरीचा दोर काठावर हलविला की तळाशी घागर हलते. घागरीला हात लावावा लागत नाही. तसेच उघड्या नळीच्या तोंडाशी थंड, वारा किंवा गोड लागले की आतील द्रव सरकतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकास असलेला मज्जातंतू ओढला जातो. द्रव बाहेरच्या दिशेने सरकला तर कळ अधिक तीव्र येते. थंडाने, वाऱ्याच्या झोताने आणि साखरेच्या पाकाने तो बाहेरच ओढला जातो. गरम पाण्याने आत ढकलला जातो. म्हणून बहुतेकांना गरम चहापेक्षा थंड पाणी अधिक झोंबते.

यावरून उपायांचे दोनच मार्ग निघतात. नळ्यांची तोंडे बुजवावी, अथवा मज्जातंतूला शांत करावे. बाजारात नावे पन्नास असोत, सर्व औषधे या दोन रांगांत बसतात. आणि एक दिलासा देणारी गोष्ट पदार्थविज्ञानातून मिळते. बारीक नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाहतो, हा एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य प्वाझय यांचा नियम. म्हणजे नळीचे तोंड निम्मे अरुंद झाले तर प्रवाह निम्मा न होता सोळाव्या हिश्शावर येतो. नळी पूर्ण बुजलीच पाहिजे असे नाही. ती थोडी अरुंद झाली तरी मोठा आराम पडतो. साधा लेपसुद्धा गुण देतो तो यामुळेच.

परंतु ही तोंडे उघडी पडतात कशाने? बाळकुम हे मूळचे खाडीकाठचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. आता ते ठाणे शहरात मिसळून गेले आहे आणि जुन्या घरांशेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. दात घासण्याच्या जुन्या व नव्या दोन्ही तऱ्हा येथे शेजारी शेजारी सापडाव्यात, आणि दोहोंतही दोष सापडतो. राखुंडी, कोळशाची पूड, भरड मीठ यांनी दात चकचकीत होतात ते घासले जाऊन. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. ती बोटाने हिरडीवर चोळल्याने हिरडी खाली सरकते, व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका पत्करावा लागतो तो वेगळाच. उलट नव्या घरांत ताठ केसांचा ब्रश घेऊन करवतीसारखा आडवा चालविण्याची खोड आहे. उजव्या हाताने घासणाऱ्याच्या डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि त्यामागच्या दाढांवर झीज अधिक दिसते, ती या जोरामुळेच. त्यात आंबटाची भर पडते. चिंच, कैरी, लिंबू, सोडावॉटर यांच्या आम्लाने दाताचा पृष्ठभाग काही वेळ मऊ पडतो आणि त्याच वेळी ब्रश फिरविला तर तो मऊ थर निघून जातो. म्हणून आंबट खाल्ल्यावर चुळा भराव्या आणि अर्धा तास तरी ब्रशला हात लावू नये. झोपेत दात खाणे व हिरड्यांचा रोग ही आणखी दोन कारणे.

आता वर्दीची परीक्षा. येथे प्रत्येकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावे. पहिला : थंड दूर केल्यावर कळ लगेच थांबते, की ठणका मागे रेंगाळतो? दुसरा : काही न लागता, विशेषतः रात्री झोपेतून उठविणारी कळ येते काय? तिसरा : चावताना, किंवा चावून दात सोडताना, एकाच दाताला सणक बसते काय? थंड दूर होताच थांबणारी क्षणिक कळ हीच खरी सळसळ. रेंगाळणारा अथवा रात्रीचा ठणका बहुधा गाभ्याला सूज आल्याचे सांगतो. चावतानाची सणक दाताला चीर गेल्याचे किंवा भरलेले सिमेंट उंच राहिल्याचे सांगू शकते. कीड असेल तर ती वेगळीच बाब. या दुसऱ्या प्रकारच्या दातांवर सळसळीचा लेप लावणे म्हणजे गळक्या छपराखाली रंग देण्यासारखे आहे. म्हणून दंतवैद्य हवेचा लहानसा झोत सोडून, टोकदार सळी फिरवून, गरज पडल्यास क्ष-किरण चित्र काढून आधी खात्री करून घेतात. ही तपासणी न करताच कोणी उपचाराचा दर सांगू लागला, तर आपण जरा थांबावे.

खरी सळसळ ठरली, की पहिली पायरी घरातच असते : मऊ ब्रश, हलका हात आणि सळसळीसाठी केलेली पेस्ट. अशा पेस्टींपैकी काहींत ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असते. ते मज्जातंतूचा संदेश दडपते असे मानतात. इतरांत स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनीन असून ती नळ्या बुजवितात. गुण येण्यास काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून पेस्ट टाकून देणे योग्य नव्हे. पेस्ट लावल्यावर भसाभस चुळा भरून ती धुऊन टाकणेही योग्य नव्हे. थुंकून टाकावी, इतके पुरे. महिना-दोन महिने हे नीट करूनही त्रास राहिला, किंवा त्रास इतका आहे की ब्रशच लाववत नाही, तर दंतवैद्याच्या खुर्चीची पाळी येते.

खुर्चीतल्या उपायांना माप कोणते लावावे? १९३५ साली ग्रॉसमन या अमेरिकन दंतशास्त्रज्ञांनी आदर्श औषधाच्या अटी सांगून ठेविल्या आहेत : गाभ्याला इजा करू नये, लावताना दुखू नये, लावण्यास सोपे असावे, लवकर गुण द्यावा, गुण दीर्घकाळ टिकावा, दाताला डाग पडू नये आणि प्रत्येक वेळी गुण यावा. या सातही अटी पुऱ्या करणारे औषध अद्याप निघालेले नाही. प्रत्येक उपाय काही अटींत उत्तीर्ण होतो, काहींत नापास. तुलना करावयाची ती एवढ्याचसाठी.

पहिला उपाय फ्लोराइडच्या व्हार्निशचा. दारेखिडक्यांच्या व्हार्निशसारखाच हा राळेचा चिकट लेप असतो आणि त्यात ५ टक्के सोडियम फ्लोराइड असते. दात कोरडा करून छोट्या ब्रशने लावतात. थुंकीने तो घट्ट होतो. त्यातून बसणारे कॅल्शियम फ्लोराइडसारखे कण नळ्यांची तोंडे अरुंद करितात. काम काही मिनिटांचे, भूल नको, दुखत नाही, खर्च इतरांच्या मानाने थोडा. शिवाय त्याच औषधाने मुळावर कीड लागण्यास आळा बसतो. उणीव एवढीच, की लेप झिजतो, गुण काही आठवडे ते काही महिने टिकतो आणि पुन्हा लावावा लागतो. त्या दिवशी दातांवर पिवळसर झाक राहते. काही तास कडक व गरम खाऊ नये. राळेची अॅलर्जी असणाऱ्याने ते आधी सांगावे.

दुसरा उपाय ग्लुटराल्डिहाइड व हेमा या राळद्रव्याच्या मिश्रणाचा. १९८० नंतरच्या दशकात डेन्मार्कमधील संशोधकांच्या कामातून हा पुढे आला. दूध नासले की जसे दाणे धरते, तसे हे औषध नळीतील द्रवात असलेली प्रथिने गोठविते आणि आतच बूच तयार होते. गुण बहुधा ताबडतोब येतो आणि व्हार्निशपेक्षा अधिक टिकण्याची अपेक्षा असते. परंतु हे औषध हिरडीस लागले तर पोळते. म्हणून कापूस अगर रबराचा पडदा लावून, मोजका थेंब घेऊन, कसलेल्या हातानेच ते लावावे लागते. येथे औषधापेक्षा हात महत्त्वाचा.

तिसरा उपाय चांदीच्या क्षारांचा. जुन्या काळी सिल्व्हर नायट्रेट लावीत. दात काळा पडे म्हणून ते मागे पडले. त्याचाच सुधारलेला भाऊ म्हणजे सिल्व्हर डायमिन फ्लोराइड. जपानात तो कित्येक दशके वापरात आहे आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली त्याला दातांची सळसळ कमी करण्याच्या कामासाठीच मोकळीक दिली. तो कीडही थोपवितो. परंतु किडलेला भाग काळा करितो आणि कातडीस लागल्यास काही दिवस डाग राहतो. मागच्या दाढेला, वृद्ध माणसाला हा चालेल. हसताना दिसणाऱ्या दाताला सहसा चालणार नाही.

चौथा उपाय खड्डा भरण्याचा. हिरडीलगत नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर लेपाने भागत नाही. तेथे ग्लास आयोनोमर सिमेंट किंवा दाताच्या रंगाचे राळमिश्रण भरतात. ग्लास आयोनोमरचा शोध इंग्लंडमध्ये विल्सन व केंट यांनी लावला आणि १९७२ साली तो दंतवैद्यांपुढे मांडला. हे सिमेंट दाताला रासायनिक रीतीने चिकटते व थोडेथोडे फ्लोराइडही सोडते. भरलेली खाच वर्षानुवर्षे टिकू शकते. मात्र करवतीसारखा ब्रश चालूच राहिला तर सिमेंटही निखळते आणि दोष मात्र सिमेंटाला मिळतो.

पाचवा, आणि सध्या ज्याची जाहिरात अधिक दिसते तो, लेसरचा. काही लेसर पृष्ठभागावरील दंतिन किंचित वितळवून नळ्या बुजवितात, तर मंद शक्तीचे लेसर मज्जातंतूवर परिणाम करितात असे मानतात. उपचार थोड्या वेळाचा, बहुधा न दुखणारा. मग अडचण कोठे? २०२१ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने लेसरवरचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले. लेसरने खोट्या उपचारापेक्षा थोडा अधिक आराम पडत असावा, परंतु पुरावा कमी भरवशाचा आहे, असा त्याचा निष्कर्ष. लेसर वाईट नव्हे; पण त्याचा दर जितका चढा असतो तितका त्याचा गुणही चढा आहे, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. लेपाने काम भागत असता आधी लेसरकडे धावण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

सहावा उपाय हिरडीच्या शस्त्रक्रियेचा. सरकलेल्या हिरडीवर टाळूचा बारीक तुकडा बसवून मूळ झाकतात. यात पांघरूणच परत मिळते. परंतु ती शस्त्रक्रिया आहे, सर्व ठिकाणी जमत नाही, आणि हिरडी का सरकली ते कारण दूर झाल्यावाचून ती करण्यात अर्थ नाही. आणि सर्वांत शेवटी रूट कॅनाल, म्हणजे गाभाच काढून टाकणे. सळसळ यामुळे हमखास थांबते, कारण दुखणारेच नाहीसे होते. पण गाभा गेलेला दात पुढे परत जिवंत होत नाही, आणि उपचारात पोखरला गेल्यामुळे ठिसूळ झालेल्या दाढेवर बहुधा टोपी बसवावी लागते. गाभा सुजून बिघडला असेल तर हा उपाय दात वाचविणारा आहे. केवळ थंड झोंबते म्हणून तो करणे म्हणजे घराची कडी वाजते म्हणून दार काढून टाकणे.

उपचारांची फळे वाचताना वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सळसळीच्या प्रयोगांत नुसते पाणी किंवा खोटे औषध लावलेल्यांनाही बराच आराम पडलेला दिसतो. काही अंशी हा विश्वासाचा गुण. काही अंशी निसर्गाचाही, कारण थुंकीतील खनिजे नळ्या हळूहळू बुजवितात आणि गाभा आतून नवे दंतिन घडवून मागे सरकतो. "अमुक उपचाराने शेजाऱ्याला लगेच गुण आला" ही साक्ष खोटी नसते, पण पुरावा म्हणून अपुरी असते.

दात साफ करून घेतल्यावर काही दिवस सळसळ वाढते, त्यावरून "साफ केल्याने दात खराब झाले" असा ग्रह पसरला आहे. दातावर साठलेले खडे निघाले, सुजलेली हिरडी आवळली, म्हणजे आधीच उघडे असलेले मूळ उघडे दिसू लागते. ही सळसळ बहुधा काही दिवसांत ओसरते. तिच्या भीतीने खडे तसेच ठेवले तर हिरडीचा रोग वाढतो आणि दात हलू लागतो.

सारांश असा. अनेक दातांना थोडी सळसळ असेल तर पेस्ट आणि व्हार्निश. एका-दोन दातांना तीव्र असून खाच नसेल तर ग्लुटराल्डिहाइडचा लेप. खाच असेल तर सिमेंट. मूळ बरेच उघडे असून हिरडी निरोगी असेल तर शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यावा. रात्रीचा ठणका असेल तर लेपात दिवस न घालविता गाभ्याची तपासणी. दंतवैद्यास चार प्रश्न नम्रपणे विचारावे : माझ्या दाताला हे कशाने झाले? याहून साधा उपाय आहे काय? गुण किती दिवस टिकेल? आणि हा उपाय फसला तर पुढचा मार्ग खुला राहील काय? चांगल्या दंतवैद्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

ज्यांना खासगी खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी मुंबईत दोन जुन्या शिक्षणसंस्था आहेत. १९३३ साली स्थापन झालेले मुंबई सेंट्रलजवळचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, आणि १९४५ साली सुरू झालेले, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालय. बाळकुमहून ठाणे स्टेशन गाठले की दुसऱ्या ठिकाणी एका गाडीने आणि पहिल्या ठिकाणी दादरला गाडी बदलून जाता येते. तेथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. रांगेत वेळ जातो खरा, पण तपासणी रीतसर होते.

दात हा पाहुणा नव्हे, तो घरचाच माणूस आहे. तो कुरकुरू लागला तर त्याचे तोंड बंद करण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. बहुतेक वेळा त्याचे मागणे फार थोडे असते : हलका हात, मऊ ब्रश, आंबटानंतर थोडी विश्रांती आणि वेळेवर लावलेला एखादा साधा लेप.